कोचचं नाव नको, करार दाखवा

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठानं १२ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढून टाकलं. त्यांचा बारावा हंगाम चालू होता. हंगाम सुरू होण्याआधीच्या क्रमवारीत संघ देशात दुसरा होता. मग घरच्या मैदानावर ओरेगॉननं जादा वेळेत हरवलं, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएनं हरवलं, आणि पुन्हा घरच्याच मैदानावर नॉर्थवेस्टर्ननं एका गुणानं हरवलं. एक लाखाहून जास्त माणसं मावणाऱ्या बीव्हर स्टेडियममध्ये ‘फ्रँकलिनला काढा’ अशा घोषणा झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काढण्यात आलं. त्या संध्याकाळपासून पुढचे जवळजवळ आठ आठवडे पेन स्टेटच्या चाहत्यांना एकच विषय पुरला: आता कोण? नेब्रास्का विद्यापीठाचे कोच मॅट रूल, जे स्वतः पेन स्टेटकडून खेळलेले. इंडियानाचे कर्ट सिग्नेटी. टेक्सस ए अँड एमचे माइक एल्को. मिसूरीचे एलाय ड्रिंकविट्झ. ब्रिगम यंग विद्यापीठाचे (बीवाययू) कलानी सिताके. प्रत्येक नावाचे समर्थक होते, विरोधक होते, आणि आपल्याला आतली बातमी आहे असं छातीठोकपणे सांगणारेही होते.

हा सगळा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला, असं माझं ठाम मत आहे. चाहत्यांनी यात बोलूच नये असं मी म्हणत नाही. उलट, ते जिथे बोलायला हवं तिथे गप्प बसतात, हीच माझी तक्रार आहे. कोचच्या नावावर अंदाज बांधणं हा निरुपद्रवी विरंगुळा वाटतो, पण तो तसा नाही. त्या अंदाजांनी बाजार तापतो, कोचचा भाव चढतो, आणि चढलेल्या भावानं झालेले करारच पुढे संघाच्या आणि विद्यापीठाच्या गळ्याशी येतात. कोच कोण, हे ठरवण्यात चाहत्याचा हात फारसा पोहोचत नाही. पण त्या कोचशी किती वर्षांचा करार होतो, त्याला काढलं तर किती पैसे द्यावे लागतात, त्यानं दुसरी नोकरी धरली तर ती रक्कम कमी होते का, आणि या कागदावर सही कोण करतं, हे प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ते जवळजवळ कुणी विचारत नाही.

आधी ही यंत्रणा कशी चालते ते पाहू. वर दिलेल्या यादीतला एकही माणूस पेन स्टेटला आला नाही. यादीत नाव आल्याचा लाभ मात्र बहुतेकांना झाला. फ्रँकलिन गेल्यावर आठवड्याच्या आतच इंडियानानं सिग्नेटींशी आठ वर्षांचा नवा करार केला. ३० ऑक्टोबरला नेब्रास्कानं रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. नोव्हेंबरमध्ये एल्को आणि ड्रिंकविट्झ यांचे नवे करार झाले. डिसेंबरच्या सुरुवातीला सिताके येणारच असं वाटत असताना तेही बीवाययूतच राहिले, अर्थात नव्या कराराने. यातले काही जण मैदानावरच्या कामगिरीनेही त्या पैशाला पात्र होते. सिग्नेटींच्या संघानं तर त्या हंगामात एकही सामना गमावला नाही. पण नेब्रास्काचं काय? रूल यांचा संघ त्या वर्षी चांगला होता, थोर नव्हता. करार वाढवल्यानंतर तो उरलेल्या पाच सामन्यांपैकी चार हरला, त्यात खुद्द पेन स्टेटकडून ३७-१० असा, आणि हंगाम सात विजय, सहा पराभवांवर संपला. तो करार कामगिरीचं बक्षीस नव्हता. रूल जातील, या भीतीची ती किंमत होती. आणि ही भीती कुणी तयार केली? पेन स्टेटच्या चाहत्यांनी रोज घेतलेल्या त्या नावानं, ते नाव उचलणाऱ्या वार्ताहरांनी, आणि दोन्हीकडे शांतपणे पाहत बसलेल्या एजंटांनी.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं. पण चार वर्षं मागे जा. २०२१ च्या शरद ऋतूत सदर्न कॅलिफोर्निया आणि लुइझियाना स्टेट (एलएसयू) या दोन बड्या संघांच्या कोचच्या जागा रिकाम्या होत्या. दोन्हीकडे ज्यांची नावं घेतली जात होती त्यांत दोघे ठळक होते: पेन स्टेटचे फ्रँकलिन आणि मिशिगन स्टेटचे मेल टकर. तेव्हा पेन स्टेटमधली भीती बरोबर उलटी होती. फ्रँकलिन गेले तर आपलं कसं होणार? नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका दिवसाच्या अंतरानं, दोघांनाही दहा दहा वर्षांचे करार मिळाले. टकर यांचा साडेनऊ कोटी डॉलरचा होता आणि संपूर्ण रकमेची हमी होती. पैसे दोन श्रीमंत देणगीदारांनी पुरवले होते. योग असा की त्याच शनिवारी, २७ नोव्हेंबरला, हेच दोन संघ ईस्ट लान्सिंगमध्ये पडत्या बर्फात एकमेकांशी खेळले. मिशिगन स्टेट ३०-२७ असा जिंकला. त्या दिवशी मैदानाच्या दोन्ही कडांना उभे असलेले दोघेही २०३१ पर्यंत निश्चिंत होते. टकर यांना लैंगिक छळाच्या तक्रारीवरून सप्टेंबर २०२३ मध्ये बडतर्फ करण्यात आलं. त्यांनी आरोप नाकारले. फ्रँकलिन ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. दहा वर्षांच्या दोन करारांपैकी एकही चार वर्षं पुरला नाही.

आणि फ्रँकलिनना काढताना पेन स्टेटवर जी देणी आली, सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरची, ती कुठून आली? त्या २०२१ च्या करारातून. म्हणजे जाऊ नका म्हणून जो कागद लिहिला, त्याचीच किंमत निघा म्हणताना मोजायची वेळ आली. २०२१ मध्ये ‘त्यांना काहीही करून थांबवा’ म्हणणारे आणि २०२५ मध्ये ‘त्यांना काहीही करून काढा’ म्हणणारे चाहते वेगळे होते का? बरेचसे तेच होते. दोन्ही वेळा ‘काहीही करून’ या दोन शब्दांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेऊ. ते कच्चे नाहीत. पहिला आणि सगळ्यात भक्कम मुद्दा: चाहत्यांनी आवाज केला म्हणून चुकीची नेमणूक थांबल्याचं उदाहरण आहे. टेनेसी विद्यापीठ, २६ नोव्हेंबर २०१७. त्या वर्षी टेनेसीचा संघ आपल्या इतिहासात पहिल्यांदाच एका हंगामात आठ सामने हरला होता आणि कोच बुच जोन्स यांना काढलं होतं. रविवारी बातमी आली की नवे कोच म्हणून ग्रेग शियानो यांची निवड जवळजवळ पक्की आहे. काही तासांत विद्यापीठाचं शहर नॉक्सव्हिल पेटलं. विद्यार्थ्यांनी आवारातला तो प्रसिद्ध खडक निषेधाच्या अक्षरांनी रंगवला, राज्याच्या आमदारांनी जाहीर विरोध केला, आणि संध्याकाळपर्यंत विद्यापीठानं माघार घेतली. विरोधाचं एक कारण गंभीर होतं. पेन स्टेटमधल्या जुन्या अत्याचार प्रकरणातल्या एका ऐकीव साक्षीत शियानोंचं नाव आलं होतं. त्यांनी ते ठाम नाकारलं होतं आणि त्यांच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नव्हता. पण त्या साक्षीची छाननी विद्यापीठानं केली का, हा प्रश्न रास्त होता. सामान्य माणसांनी एका मोठ्या संस्थेला एका दिवसात झुकवलं, याचं मोल मी कमी करत नाही.

पण त्यानंतरचं वाचा. आठवड्याभरात क्रीडा संचालकही गेले. त्यांच्या जागी माजी कोच फिलिप फुल्मर आले, जे चाहत्यांच्या गळ्यातले ताईत होते. त्यांनी जेरेमी प्रुइट यांना आणलं. चाहत्यांना ते पटले. तीन हंगामांत १६ विजय, १९ पराभव, आणि जानेवारी २०२१ मध्ये खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांमुळे हकालपट्टी. त्या प्रकरणात पुढे टेनेसीला ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला. मग जॉश ह्युपेल आले. नव्या क्रीडा संचालकांनी आपल्या आधीच्या विद्यापीठातून त्यांना सोबत आणलं होतं, आणि त्यांच्या निवडीनं फार कुणी हुरळून गेलं नव्हतं. २०२२ मध्ये त्यांच्या संघानं अलाबामाला ५२-४९ हरवलं आणि चाहत्यांनी गोलपोस्ट उखडून टेनेसी नदीत नेऊन टाकले. म्हणजे चाहत्यांना ‘हा नको’ असं बरोबर सांगता आलं, पण ‘हा हवा’ म्हणून जो मिळाला त्यानं विद्यापीठाला दंडापर्यंत नेलं, आणि ज्यानं सुख दिलं तो त्यांच्या यादीत नव्हता. मला यातून चाहत्यांचं अज्ञान दाखवायचं नाही. कोच निवडण्यात तज्ज्ञही चुकतात. दाखवायचं हे आहे की त्या रविवारी चाहत्यांची जी ताकद दिसली ती छाननीची मागणी करण्यात होती. ती त्यांनी नावावर खर्च केली आणि छाननीची पद्धत होती तशीच राहिली.

दुसरा मुद्दा इंडियानाचा, आणि तो मला सगळ्यात जास्त अडचणीत टाकतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात इतिहासात सर्वाधिक पराभव ज्या विद्यापीठाच्या नावावर होते, ते हे इंडियाना. २०२३ च्या अखेरीस त्यांनी टॉम अ‍ॅलन यांना दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन काढलं आणि जेम्स मॅडिसन विद्यापीठातून ६२ वर्षांचे सिग्नेटी आणले. पहिल्याच हंगामात ११ विजय. दुसऱ्यात बिग टेनच्या, म्हणजे पेन स्टेटही ज्यात आहे त्या विद्यापीठ-गटाच्या, अंतिम सामन्यात ओहायो स्टेटवर १३-१० असा विजय, आणि मग राष्ट्रीय विजेतेपद. मग कोच बदलून काही होत नाही असं कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. योग्य माणूस, योग्य वेळ, आणि दोन वर्षांत तळातून शिखरावर. २०२१ पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसरीकडे लगेच खेळता येऊ लागलं आहे, त्यामुळे संघ नव्यानं उभा करायला पूर्वीसारखी चार-पाच वर्षं लागत नाहीत.

पण हा मुद्दा खरा मानला तर त्यातून निघतं काय? संघ दोन वर्षांत उभा राहू शकत असेल, तर कोचला दहा वर्षांची हमी कशासाठी? लांब मुदतीचे करार ज्या काळात रुळले त्या काळात त्यामागे निदान एक तर्क होता: शाळेतून आलेली मुलं घडवायला वेळ लागतो, आणि कोच उद्या असेल की नाही या शंकेनं ती मुलं दुसरीकडे जातात. आता तीच मुलं दरवर्षी संघ बदलू शकतात. काम लवकर दिसतं आणि अपयशही लवकर दिसतं. मग मुदत आखूड व्हायला हवी होती. ती वाढतच गेली. याला फुटबॉलचं कारण देता येत नाही. याचं कारण वाटाघाटीच्या टेबलावर आहे. तिथे एका बाजूला या धंद्यात मुरलेला एजंट असतो, आणि दुसऱ्या बाजूला चाहत्यांच्या रोषाला घाबरलेला क्रीडा संचालक. आणि हो, सिग्नेटींच्या नावावर कोणत्या चाहत्यानं अंदाज बांधला होता? पेन्सिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठापासून, एलॉनमार्गे, जेम्स मॅडिसनपर्यंत पायरी पायरीनं चढलेला माणूस. चाहत्यांच्या यादीत असे लोक नसतात, कारण यादी प्रसिद्धीवर बनते.

‘बदला’ म्हणणाऱ्यांइतकाच ‘धीर धरा’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवादही मला उथळ वाटतो, आणि त्यांचं आवडतं उदाहरण नेब्रास्काचं असतं, म्हणून तिथे थोडं थांबतो. लिंकन शहरातलं मेमोरियल स्टेडियम नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला भरलेलं आहे. तिथे टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं कोच होते. त्यांची पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाकडून हरण्यात गेली. पुढे १९८७ ते १९९३ या सात हंगामांत शेवटचा बोल सामना (हंगामाअखेर निवडक संघांना मिळणारा खास सामना) त्यांचा संघ दरवेळी हरला. मोठा सामना जिंकता येत नाही, हा शिक्का त्यांच्यावर पक्का बसला होता. फ्रँकलिनवर जो बसला तोच: पहिल्या दहांतल्या संघांविरुद्ध ४ विजय आणि २१ पराभव. ऑस्बोर्नना पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९९४ मध्ये, बाविसाव्या हंगामात, आणि मग पुढच्या तीन वर्षांत आणखी दोन. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांनी ५८ सामने जिंकले आणि १९ गमावले, तरी २००३ मध्ये नऊ विजयांच्या हंगामाअखेरीस त्यांना काढलं, कारण संघ सामान्य होत चालला आहे असं त्या वेळच्या क्रीडा संचालकांना वाटत होतं. मग बिल कॅलहन आले, गेले. बो पेलिनींनी सात वर्षांत एकाही हंगामात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, तेही गेले. माइक रायली, १९ विजय, १९ पराभव. आणि मग स्कॉट फ्रॉस्ट.

फ्रॉस्ट यांची कहाणी नावांच्या चर्चेवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. नेब्रास्काचाच मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, सेंट्रल फ्लोरिडाला २०१७ मध्ये अपराजित ठेवून आलेला. त्यांच्या नावाला विरोध करणारा माणूस त्या राज्यात शोधावा लागला असता. चाहते, माजी खेळाडू, देणगीदार, वार्ताहर, सगळ्यांचं एकमत. निकाल: १६ विजय, ३१ पराभव. शेवटी ११ सप्टेंबर २०२२ रोजी, जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असा पराभव झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, त्यांना काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्यांना द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होती. तीन आठवड्यांचा प्रश्न होता. पंचाहत्तर लाख डॉलर.

मग धीर धरायला हवा होता का? सोलिचच्या बाबतीत हो, फ्रॉस्टच्या बाबतीत नाही. हेच तर माझं म्हणणं आहे. आज ऑस्बोर्नचं नाव घेऊन धीराचा उपदेश करणं सोपं आहे, कारण शेवट माहीत आहे. ज्या शंभर कोचना धीरानं वागवलं आणि ज्यांनी काहीच जिंकलं नाही, त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत. धीर किंवा घाई यांपैकी कुठलंही एक तत्त्व प्रत्येक माणसाला लागू पडत नाही. म्हणून ज्याच्यावर आपला ताबा आहे त्याकडे बघायचं: आपला अंदाज चुकला तर किती महाग पडेल?

आपल्याकडच्या क्रिकेटनंही हा धडा शिकवला आहे. चंद्रकांत पंडित यांनी मुंबईला २०१५-१६ चा रणजी करंडक जिंकून दिला, पुढच्या वर्षी संघ अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला, आणि मुंबईनं कोच बदलला. पंडित विदर्भाला गेले. विदर्भानं लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली. २०२२ मध्ये त्यांच्याच मध्य प्रदेशानं अंतिम सामन्यात मुंबईला हरवलं. मुंबईचं नुकसान करंडकांचं झालं, पण तो निर्णय पचवून संघ पुढे गेला आणि २०२३-२४ मध्ये विदर्भालाच हरवून पुन्हा जिंकला. मुंबईच्या मानेवर दहा वर्षांच्या पगाराची हमी नव्हती, म्हणून चूक चुकीच्या मापातच राहिली.

तिसरा आक्षेप पैशांबद्दलचा. असं सांगतात की हे पैसे करदात्यांचे नाहीत, देणगीदारांचे आणि क्रीडा विभागाच्या स्वतःच्या कमाईचे आहेत. मग इतरांनी चिंता का करावी? हिशेबाच्या वहीत हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पेन स्टेटचा क्रीडा विभागही आपला खर्च आपणच उचलतो. पण वही वेगळी म्हणून संस्था वेगळी होत नाही. मे २०२५ मध्ये पेन स्टेटच्या विश्वस्त मंडळानं राज्यातल्या आपल्या सात छोट्या शाखा २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करण्याचा निर्णय घेतला. ड्युबॉय, फेयेट, माँट अल्टो, न्यू केन्सिंग्टन, शेनँगो, विल्क्स-बॅरे, यॉर्क. घरापासून जवळ शिकता यावं म्हणून त्या भागातली मुलं तिथे जात. कारण दिलं ते घटती पटसंख्या आणि खर्च. त्याआधीच्या वर्षी त्याच मंडळानं बीव्हर स्टेडियमच्या नूतनीकरणाला ७० कोटी डॉलर मंजूर केले होते, आणि शाखांच्या निर्णयानंतर पाचच महिन्यांत कोचला काढण्याची देणी आली. हे पैसे थेट त्या शाखांना देता आले असते असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण माजी विद्यार्थी ज्या खिशातून विद्यापीठाला देणगी देतो तो खिसा एकच असतो. कोचच्या सुट्टीसाठी त्यानं दिलेला डॉलर त्याच्याकडे पुन्हा येत नाही.

क्रीडा विभागापुरतं पाहिलं तरी हिशेब जड जातो. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. त्याची पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांचे सगळे खेळाडू मिळून. म्हणजे फ्रँकलिन यांना काढण्याचा कागदावरचा आकडा हा साऱ्या खेळाडूंच्या दोन वर्षांच्या पूर्ण वाट्याहून मोठा. मैदानावर गुडघे फोडून घेणाऱ्या मुलांना द्यायला दशकानुदशकं पैसे नव्हते, आणि न शिकवण्याचे पैसे कोचला द्यायला नेहमीच होते. हे मला लाजिरवाणं वाटतं.

आता त्या कागदाच्या आत शिरू, कारण खरा फरक तिथेच पडतो. टेक्सस ए अँड एमनं २०१७ च्या अखेरीस जिंबो फिशर यांना दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार दिला. विद्यापीठाच्या कुलपतींनी त्यांना राष्ट्रीय विजेतेपदाची एक पाटी भेट दिली होती, साल कोरायची जागा मोकळी ठेवून. २०२१ मध्ये करार आणखी वाढला. ती जागा मोकळीच राहिली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना काढताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं आलं. फिशर यांनी उद्या कुठेही नोकरी धरली तरी त्यातला एक डॉलर कमी होणार नव्हता. करारात तसं कलमच नव्हतं. याउलट फ्रँकलिन यांच्या करारात ते होतं. त्यामुळे पाचेक आठवड्यांत व्हर्जिनिया टेकनं त्यांना नेमलं तेव्हा पेन स्टेटवरचं ओझं एकदम हलकं झालं. एका कलमानं कोट्यवधी डॉलरचा फरक. आठ आठवड्यांच्या त्या चर्चेत या कलमावर किती बोलणं झालं असेल? आपल्याकडे लग्न ठरलं की आधी याद्या होतात, कोण काय करणार ते घरातल्या मोठ्यांसमोर लिहून घेतात. इथे वराच्या रूपावर गावभर चर्चा, आणि याद्या बंद दाराआड.

सही कोण करतं हा प्रश्न तर आणखी दुर्लक्षित. फिशर यांना आणणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड नंतर एलएसयूला गेले आणि तिथे २०२१ मध्ये त्यांनी ब्रायन केली यांना आणलं, पुन्हा दहा वर्षं, पुन्हा साडेनऊ कोटींच्या घरात. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेक्सस ए अँड एमकडूनच ४९-२५ हरल्यावर केली यांना काढलं, आणि देणं निघालं पाच कोटी डॉलरहून अधिक. तेव्हा लुइझियानाचे राज्यपाल जेफ लँड्री यांनी उघडपणे विचारलं की हे दोन्ही करार एकाच माणसानं केले ना? प्रश्न बरोबर होता. पण राज्यपालांनी त्यापुढे जाऊन वुडवर्ड नवा कोच निवडणार नाहीत असं जाहीर केलं, वुडवर्ड गेले, आणि पाच आठवड्यांत एलएसयूनं लेन किफिन यांना वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरवर, सात वर्षांसाठी आणलं. हेच किफिन २०१० मध्ये एका हंगामानंतर टेनेसी सोडून गेले होते, आणि या वेळी आपल्या ओल मिस संघाला विजेतेपदाच्या बाद फेरीच्या तोंडावर सोडून आले. माणूस बदलला, सही बदलली, कराराची जात तीच राहिली.

पेन स्टेटला शेवटी आयोवा स्टेटचे मॅट कॅम्पबेल मिळाले. दहा हंगामांत त्यांनी त्या विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वाधिक विजय मिळवले होते. कदाचित ते उत्तम ठरतील. मला ते भले आणि मेहनती कोच वाटतात. पण पेन्सिल्व्हेनियाच्या माहिती अधिकार कायद्यातून पेन स्टेटसारख्या राज्य-संलग्न विद्यापीठांना मोठ्या प्रमाणात सूट आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याआधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे विशेष खटकावं. राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी अनुदान घेणारी संस्था आपली बहुतेक कागदपत्रं नागरिकांना दाखवायला बांधील नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या राजधानीतल्या, हॅरिसबर्गमधल्या विधिमंडळाला हे बदलता येतं, आणि शनिवारी बीव्हर स्टेडियममध्ये बसणाऱ्या लाखभर लोकांतले बरेचसे याच आमदारांचे मतदार आहेत. कोचच्या कराराचा मसुदा विश्वस्तांच्या मतदानाआधी किमान दोन आठवडे जाहीर व्हावा, हमीची मुदत चार वर्षांपुढे जाऊ नये, दुसरी नोकरी धरल्यास रक्कम कमी होण्याचं कलम सक्तीचं असावं, आणि हंगाम चालू असताना कुठल्याही कोचचा करार वाढवायला बंदी असावी. यातली शेवटची अट एकट्या पेन स्टेटनं पाळून भागणार नाही, बिग टेनमधल्या अठराही विद्यापीठांनी ती मिळून मान्य करायला हवी. त्यासाठी नेब्रास्का, इंडियाना आणि मिशिगन स्टेटच्या चाहत्यांनाही आपापल्या विश्वस्तांकडे हीच मागणी घेऊन जावं लागेल, आणि ती पुढच्या ऑक्टोबरच्या आत करावी लागेल.